बंद घरांची ओ

मे महिना सरत आला की आमच्या महाडात लोक माळे रिकामे करायला लागतात. सावित्री नदीचं पाणी बाजारपेठेत शिरायचं तेव्हा शिरतं, त्याला आपण काय अडवणार? म्हणून दुकानातला माल, घरातल्या गाद्या, फ्रिज, जमेल ते सगळं वर चढवून ठेवायचं ही आमची दरवर्षीची कवायत. त्या दिवसांत मला हमखास फोन यायचे. औषधवाले, मिठाईवाले, एमआयडीसीतले एक छोटे कारखानदार, सगळ्यांचा प्रश्न एकच असायचा. "मॅडम, आमची वेबसाइट वर ठेवलीत ना?"

सुरुवातीला मी समजावून सांगायचे, की तुमची वेबसाइट महाडात नाहीच मुळी. ती ज्या कॉम्प्युटरवर राहते त्याला सर्व्हर म्हणतात, आणि तो मुंबईत एका थंडगार इमारतीत बारा महिने चालू असतो. मी इथे बसून नुसती त्याची देखभाल करते. मिठाईवाले सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे. "ते खरं हो, पण वर ठेवलीत ना?" शेवटी मी "ठेवली" म्हणायला शिकले. त्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि माझा चहा गरम राहायचा.

आता मी ते काम थांबवलंय. डोळे थकले, आणि साइट सांभाळायला माणूस गावातच असायला हवा असंही काही उरलं नाही. पण कापडदुकानाच्या वरची ती माझी खोली, जिन्यावर वाजणाऱ्या चपला आणि "मॅडम, आमचं पान दिसत नाय" अशी वरपर्यंत येणारी हाक, हे सगळं आठवलं की अजून करमत नाही. पुण्यातली चांगली नोकरी सोडून सासरी महाडला आले तेव्हा मैत्रिणींना वाटलं होतं, हिचं आता संपलं. खरं सांगायचं तर माझं तिथूनच सुरू झालं.

हे काम नेमकं काय, ते या क्षेत्राबाहेरच्या वाचकाला दोन शब्दांत सांगते. सर्व्हर म्हणजे ओ देणारा. तुम्ही फोनवर एखाद्या साइटचा पत्ता टाकता, ती झाली हाक. पलीकडून सर्व्हर ओ देतो. ओ देताना तो आधी तीन आकडी एक संख्या पाठवतो आणि तिच्या मागोमाग पान. संख्या तुमच्या फोनसाठी असते, पान तुमच्यासाठी. त्या संख्येचा पहिला आकडा कळला की निम्मं शास्त्र कळलं. दोन असेल तर काम झालं. तीन असेल तर "मी इथे राहत नाही, अमुक ठिकाणी जा". पोलादपुरात हायवे रुंद झाला तेव्हा मागे हललेल्या दुकानांनी जुन्या जागी पाट्या लावल्या होत्या, तसंच हे. चार असेल तर हाक मारणाऱ्याचं काहीतरी चुकलंय. आणि पाच असेल तर चूक ओ देणाऱ्याची.

यातल्या पाचावर माझा फार जीव. काउंटरच्या पलीकडे बसलेला माणूस "चूक आमची आहे" असं आपणहून म्हणतोय, हे मी आयुष्यात फारसं पाहिलेलं नाही. सर्व्हर म्हणतो. आणि गंमत अशी, की तो एवढं म्हणत असताना आमच्याकडची माणसं मात्र ओशाळी होऊन जिना चढायची. "मॅडम, माझ्याकडनं काय दाबलं गेलं का?" डोंगरातून आलेला माणूस तर आधीच हात जोडून उभा. त्याला मी सांगायचे, दादा, पाच आहे, तुमचं काही चुकलेलं नाही. त्याचा चेहरा सैल झालेला पाहण्यात माझं अर्धं समाधान होतं.

दोनशे हा आकडा मात्र कुणालाच दिसत नाही. सगळं नीट असलं की तो गुपचूप येतो आणि पान पुढे करून आपण बाजूला होतो. माझ्या हाताखालच्या साइटी दिवसभर दोनशे म्हणत असायच्या आणि त्याबद्दल कधी कुणाचा फोन आला नाही. बायकांच्या घरकामासारखंच हे, बिघडलं तरच दिसतं.

पाचशेतीनचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमच्याकडे कबड्डीचं वेड किती, ते रायगडबाहेरच्याला सांगून पटायचं नाही. एका वर्षी तालुक्याच्या सामन्यांचे लॉट, म्हणजे कोण कुणाशी खेळणार ते, माझ्याकडच्या साइटवर लागणार होते. लागल्या क्षणी सगळ्या वाड्यांनी एकदम हाक मारली आणि सर्व्हरने मान टाकली. "पाचशेतीन, आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने या" असं तो म्हणायला लागला. तासाभरात एका संघाचे मॅनेजर, धोतरातले पिळदार अण्णा, जिना चढून आले.

"मॅडम, आमच्या पोरांचा नंबर पाचशेतीनावा लावलाय तुमी."

"अण्णा, तो नंबर नाहीये."

"मगापासनं बघतोय, पाचशेतीनच हाय. पुढं सरकतच नाय. आनि मला सांगा, तालुक्यात पाचशे संघ आले कुठनं? वशिल्याचे घुसवलेत काय?"

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, की तुमचा नंबर वगैरे काही नाही, सगळ्यांनी एकदम हाका मारल्या म्हणून सर्व्हर दमलाय.

अण्णांनी पाण्याचा पेला रिकामा केला. मग म्हणाले, "दमला तर दमलो म्हनावं की. आकडे कशाला तोंडावर फेकतो?"

मी हसले, पण ते वाक्य डोक्यात राहिलं. आकडा फोनसाठी असतो हे खरं, पण मागोमाग जाणारं पान तरी माणसासाठी असतं ना. त्या पानावर आम्ही सगळे आळशासारखे तयार इंग्रजी मजकूर ठेवून द्यायचो. त्या दिवशी मी अण्णांच्या देखत मराठीत लिहिलं, "सर्व्हर दमला आहे, चहा पिऊन या." अण्णांनी खरंच चहा मागवला, आणि तो संपायच्या आत लॉट दिसले. त्यांची पोरं पहिल्याच फेरीत हरली, त्याचा दोष मात्र त्यांनी मला कधी दिला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं, तिच्याकडे येते.

पोलादपूरच्या डोंगरात, कुडपणच्या बाजूला, पठाराच्या अलीकडे एक वाडी आहे. तिचं मुंबईला मंडळ होतं, जसं आमच्याकडे प्रत्येक गावाचं असतं. मंडळाचे सेक्रेटरी दत्तारामभाऊ गिरगावातल्या एका छापखान्यात होते. वीर स्टेशनला उतरून रिक्षा करून ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मॅडम, आपल्या वाडीची साइट पायजे. आनि प्रत्येक घराचं वेगळं पान. घराचा फोटो, घरात कोन कोन हाय, फोन नंबर. म्हंजे मुंबईत बसून पोरांना घर दिसलं पायजे." कल्पना मला एवढी आवडली की फोटो काढायला मी स्वतः वर गेले.

माझ्याबरोबर प्रकाश होता, वाडीतल्या अनसूयाकाकींचा एकुलता मुलगा. कॉलेज झालेला, हातात कॅमेरा, पायात भिंगरी. घरं उतारावर विखुरलेली, एकाचं अंगण दुसऱ्याच्या कौलांच्या बरोबरीला. प्रकाश कुठल्याही अंगणात सरळ पाय ठेवत नसे. वाटेवर थांबून आधी हाक मारायचा, आतून ओ आली की मगच पुढे. एका घराला कुलूप होतं. त्याने तिथेही हाक मारली, आणि ओ खालच्या घरातून आली. "घरात कोन नाय रे, रानात गेल्यात. ये, पानी पी." ती ओ शेजारच्या पार्वतीबाईंची होती. आम्ही त्यांच्या ओटीवर पाणी प्यायलो, गूळ खाल्ला आणि मी ते विसरूनही गेले.

साइट झाली. प्रत्येक घराच्या पानाचा पत्ता प्रकाशनेच ठरवला होता, तो त्याला पाठ होता. त्यानंतर वर्षभरातच तो घर सोडून गेला. वडिलांना तो शेतीत हवा होता, त्याला बाहेर जायचं होतं. बोलण्याला बोलणं लागलं आणि वडील म्हणाले, "या उंबऱ्यात परत पाय ठेवू नको." पोरगाही बापाच्याच वळणाचा. गेला तो गेला. फोन नंबर बदलला, मुंबईत कुणाला पत्ता लागू दिला नाही. काही वर्षांनी वडील वारले, तेही त्याला कळवता आलं नाही. मग एका पावसाळ्यात घरामागच्या डोंगराला भेग पडली आणि काकी पोलादपुरात लेकीकडे राहायला आल्या. घराला कुलूप लागलं.

अशी कुलपं त्या वाडीत वाढतच गेली. एक दिवस दत्तारामभाऊंचा फोन आला. "मॅडम, बंद घरांची पानं काढून टाका. लोक बघतात आनि हसतात. निम्मं गाव बंद, साइटवर मात्र सगळे हजर. आपलीच लाज." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. काढते म्हणाले.

ही बातमी काकींपर्यंत कशी पोचली कोण जाणे, पण दुसऱ्याच दिवशी पार्वतीबाईंच्या खांद्याला धरून त्या माझा जिना चढून आल्या. बसल्या, पदराने घाम पुसला आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"बाय, माज्या पकाशला घराचा तेवढाच पत्ता ठावं हाय. त्यानं केलेलं पान हाय ते. तू ते पुसलंस आनि त्यानं हाक मारली, तर त्याला ओ कोन देनार?"

मी आपली माझ्या शास्त्रात शिरले. म्हणाले, "काकी, पान काढलं की सर्व्हर चारशेचार म्हणेल. म्हणजे, असं काही मला सापडत नाही."

"सापडत नाय म्हंजे? घर जाग्यावर हाय ना?"

"मग चारशेदहा म्हणायला लावते. म्हणजे, इथे होतं, आता नाही, परत विचारू नका."

पार्वतीबाईंनी कानावर हात ठेवले. "असं अभद्र कशाला बोलतोय तो?"

"नाहीतर पाचशेतीन. आत्ता नाही, नंतर या."

"नंतर कंदी?" काकी म्हणाल्या. "खोटं नको सांगूस लेकराला. आनि आमच्यात अशी ओ देतच नायत, बाय. घराला टाळं असलं तरी मारलेली हाक मोकळी जात नाय. शेजारीन ओ देते. घरात नाय ते नाय म्हनते, कुठं गेल्यात ते सांगते, आनि पानी पी म्हनते. तुज्या मशिनीला एवढं शिकवता येत नाय?"

मला ती ओटी आठवली, तो गूळ आठवला आणि स्वतःचाच राग आला. एवढी वर्षं ओ देणारी यंत्रं सांभाळली, आणि कुलूप लावलेल्या घराची ओ मी स्वतःच्या कानांनी ऐकून विसरले होते.

शिकवता येत होतं. फार अवघडही नव्हतं. पानं मी काढली, सेक्रेटरींच्या शब्दाप्रमाणे सगळी काढली. आकडा चारशेचारच ठेवला, कारण पान नाही हे खरं होतं आणि फोनशी खोटं बोलायचं नसतं. पण आकड्यामागून जो मजकूर जातो, तो बदलला. वाडीतल्या कुठल्याही बंद घराचा पत्ता टाकला की अक्षरं यायची: "घरात आत्ता कोणी नाही. शेजारच्या घराला हाक मारा. या, पाणी प्या." आणि खाली शेजाऱ्याचा फोन नंबर.

दत्तारामभाऊंना कळवलं तेव्हा ते आधी वैतागले. "मॅडम, हे काय नवीन?" मी त्यांना तो मजकूर वाचून दाखवला. मग म्हणाले, "माज्या घराला कोनाचा नंबर टाकलात?" तेव्हा मला कळलं, की त्यांचं स्वतःचं घरही बंदच होतं.

नंबर टाकताना खरी अडचण समजली. एका बंद घराचा शेजार शोधायला जावं, तर शेजारीही कुलूप. त्याच्या शेजारी जावं, तर तिथेही तेच. असं करत करत वरच्या आळीतल्या बहुतेक सगळ्या घरांचे नंबर एकाच ठिकाणी येऊन थांबले. मी पार्वतीबाईंना फोन करून विचारलं, एवढ्या घरांची ओ तुमच्यावर टाकू का?

"टाक की," त्या म्हणाल्या. "नायतरी मीच हाय हितं."

आख्ख्या आळीचा आवाज एका बाईच्या साध्या फोनात येऊन बसला होता, आणि तो मीच बसवला होता.

बरेच महिने काही घडलं नाही. पार्वतीबाईंना अधूनमधून फोन यायचे. मुंबईतली मंडळी सहज पत्ता टाकून बघायची आणि त्यांच्याशी गप्पा मारायची. त्यांची तक्रार एवढीच, की भाकरी थापताना फोन घेता येत नाही. काकी मात्र माझ्याकडे एकदाही काही विचारायला आल्या नाहीत. बाजारात लेकीबरोबर दिसल्या, की लांबूनच माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि समजून जायच्या. मी ती नजर चुकवायचे.

मग एका दुपारी जिन्यावर चपला वाजल्या आणि पार्वतीबाई दारात उभ्या राहिल्या. धापा टाकत होत्या, पण बसायला तयार नव्हत्या.

"ताई, पकाशचा फोन आला."

मी उठून उभी राहिले.

"अंगनात व्हते. फोन वाजला, उचलला. मग म्हनला, 'घर बघत व्हतो, तर ह्यो नंबर आला.' आवाज वलखला मी. लई शिव्या जमवून ठेवल्या व्हत्या त्याच्यासाठी, ताई. पन तोंडातनं निघालं ते तेच निघालं. 'घरात कोन नाय रे. तुजी आय पोलादपुरात हाय लेकीकडं. ये, पानी पी.'" त्यांनी पदर तोंडाला लावला. "रडाया लागला. एवढा बाप्या मानूस."

"वडिलांचं विचारलं का त्याने?"

"इचारलं. मी म्हटलं, आधी ये."

त्यानेच नंतर मला सांगितलं, की तो इतकी वर्षं अधूनमधून, सणावाराला, ते पान उघडत होता. फोटो बघायचा, वडिलांचं नाव वाचायचा, सगळं आहे तसं आहे असं स्वतःला समजवायचा आणि फोन बाजूला ठेवायचा. पान दिसत होतं तोवर त्याला घाई नव्हती. ज्या दिवशी पान आलं नाही, त्या दिवशी त्याने खालचा नंबर लावला. म्हणजे जे पान वाचवायला काकी माझा जिना चढून आल्या होत्या, तेच त्याला इतकी वर्षं लांब ठेवत होतं. हे मी काकींना कधी सांगितलं नाही. दत्तारामभाऊंना सांगितलं, त्यांना फार बरं वाटलं.

प्रकाश आला. पोलादपूरच्या स्टँडवर आईने त्याला आधी पाणी दिलं आणि मग बापाचं सांगितलं, असं ऐकलं. मी तिथे नव्हते, आणि असायलाही नको होतं. पुढच्या शिमग्याच्या आधी त्याने घराची कौलं चाळून फुटकी बदलली आणि मागे डोंगराच्या बाजूला दगडांचा गडगा घातला. तो नोकरीवर परत गेला, पण काकी म्हणाल्या, आता मी माझ्या घरात राहणार. वर पार्वतीबाई एकट्याच होत्या, त्यांनाही सोबत झाली.

शिमग्यात देवाची पालखी घरी येण्याच्या आदल्या दिवशी काकींचा फोन आला. पलीकडे ढोल वाजत होता, म्हणून त्या ओरडूनच बोलत होत्या.

"बाय, टाळं काढलंय. पान उघड."

जुनं पान माझ्याकडे होतंच. फोटो प्रकाशने नवा पाठवला होता. वडिलांचं नाव तेवढं काढावं लागलं. काकींचं नाव वर घेतलं, खाली त्यांचाच नंबर घातला. मग उगीचच, आपलं केलेलं बघावं म्हणून, मी माझ्या फोनवर तो पत्ता टाकला. कौलं आली, अंगण आलं, उंबऱ्यात बसलेल्या काकी आल्या. दोनशे हा आकडा कुठेच दिसला नाही.